स्वतः शिकणारी डबी

गाडीला पेट्रोल कमी पडतंय, हे मला सगळ्यात आधी माझ्या बायकोच्या पोटरीने सांगितलं. मालवणहून कट्ट्याच्या बाजारात जाऊन परत येईपर्यंत तिची उजवी पोटरी लाल झाली होती. पायरीवर बसून खोबरेल लावता लावता ती म्हणाली, "ही गाडी आसा काय भाकरीचो तवो?"

मी तिच्यावरच ओरडलो. पाय नीट ठेवता येत नाही तुला, म्हणालो. खरं तर माझे गुडघेही भाजत होते, पण ते कबूल करायला मी तयार नव्हतो.

साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची, लांबच्या प्रवासाची ती गाडी शोरूममधून निघाली तेव्हा गाईसारखी गरीब होती. मलाच ते खपलं नाही. एवढी मोठी गाडी आणि आवाज शिलाई मशीनचा, असं वाटायचं. गोव्याला जाऊन दिवसभर घासाघीस करून मोकळे सायलेन्सर आणले, आणि त्यांच्यावर हवेचा मोकळा फिल्टर जवळजवळ फुकटात पदरात पाडून घेतला. पुढे उंच काच लावली, मागे सामानाच्या दोन पेट्या. आवाज झाला मनासारखा, पण गाडी हातची गेली. वेग सोडला की मागून फटाके फुटायचे. बाजारात हळू चालवायला गेलं की गचके. एसटी स्टँडसमोरच्या गर्दीत दोनदा बंद पडली आणि रिक्षावाल्यांनी तोंड फिरवून हसून घेतलं.

मी बंदरावर बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकतो. त्याआधी दहा वर्षं बर्फाच्या लाद्या वाहिल्या, डोक्यावर गोणपाट टाकून. बोटीवाल्यांशी भाव करता करता मी एकच गोष्ट शिकलो. ज्याला थांबता येतं, तो जिंकतो. दुसऱ्याचे मासे उन्हात असतात, त्याला घाई असते. आपण पाठ फिरवून चालू लागायचं आणि मागे बघायचं नाही. दहातल्या नऊ वेळा हाक येते. त्याच एका विद्येवर मी दुकान उभं केलं, घर बांधलं. त्यामुळे ती विद्या कुठे चालत नाही, हे कळायला मला फार उशीर झाला.

गाडी नीट करायची एरवी घाई नव्हती. पण त्या थंडीत खारेपाटणला माझी सासू अंथरुणाला खिळली होती.

तिचं हृदय थकलं होतं. कणकवलीच्या डॉक्टरांनी आठ दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. बायको दर दोन-तीन दिवसांनी एसटीने जाऊन यायची. प्रत्येक वेळी सासू तिला एकच सांगायची. "तुमका दोघांका एकदम उंबऱ्यात बघूचा आसा. मगे माजा काय तां होवंदे."

मी नऊ वर्षं त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता.

ते कशावरून, तेही सांगतो. माझ्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, नवं घर बांधलं आणि घरभरणी केली. जेवणं झाल्यावर मानाचे नारळ द्यायची वेळ आली. आमच्याकडे हे काम पाहुण्यांच्या डोळ्यांत भरण्यासारखं असतं. पहिला नारळ थोरल्या जावयाच्या हातात. थोरला जावई मी. आणि मेव्हण्याने पहिला नारळ ठेवला धाकट्या जावयाच्या, माझ्या साडूच्या हातात. साडू मुंबईत साहेब. मेव्हणा नंतर म्हणाला, त्यांना गाडी पकडायची होती, ते निघाले होते, म्हणून आधी दिला. असेलही. पण सत्तर माणसांसमोर माझा पुढे झालेला हात तसाच हवेत राहिला, त्या हाताला कुठलीही गाडी पकडायची नव्हती. मला त्या हातावर जुन्या बर्फाच्या खुणा दिसल्या आणि डोकं फिरलं. दुसरा नारळ मी घेतला नाही. चपला घातल्या आणि गाडीला किक मारली. सासू अनवाणी रस्त्यापर्यंत आली, हातात नारळ घेऊन. "जावयबापू, माज्या हातातसून तरी घेवा," म्हणाली. मी गियर टाकला.

तिच्यावर माझा राग कधीच नव्हता. उलट, माझं लग्न झालं ते तिच्यामुळे. मुलगी मागायला मी उसनी मोटारसायकल घेऊन गेलो होतो, तेव्हा त्या घरातले सगळे पुरुष माझ्याकडे मासेवाल्याकडे बघावं तसे बघत होते. सासू आतून आली. जमीन किती, घर कसलं, काही विचारलं नाही. म्हणाली, "जेवलास काय रे?" जेवताना माझे हात बघितले, आणि मी उठल्यावर घरात सांगितलं, "ह्या हातांका बसान खावची सवय नाय. पोरगी उपाशी ऱ्हवाची नाय." पुढे आम्ही जायचो तेव्हा वळणावर माझ्या गाडीचा आवाज आला की ती ओटीवर येऊन उभी राहायची. गाडी बदलली तरी आवाज ओळखायची.

तर बायकोने त्या संध्याकाळी, पोटरीला खोबरेल लावून झाल्यावर, आईकडे येणार का म्हणून मला परत विचारलं. मी म्हणालो, "जाऊया. मी येतंय."

ती उठत होती ती परत पायरीवर बसली. नऊ वर्षांत तिने हा शब्द ऐकला नव्हता. मग म्हणाली, "उद्या? टेम्पो आसा तुमचो."

"टेम्पोन? मी काय थंय बर्फ उतरवूक जातंय?"

"मगे एसटीन चला."

"गाडीयेन जातलंय. गाडी नीट होवंदे, दुसऱ्या दिवशी निघू."

मला त्या घरासमोर जायचं होतं ते ज्या अपमानाने निघालो होतो तो पुसून टाकेल अशा इतमामाने. मेव्हण्याने ओटीवरून बघायला हवं होतं. वळणावर गचके खात, फटाके उडवत, दारात बंद पडणाऱ्या गाडीवरून उतरायची माझी तयारी नव्हती. बायकोला हे सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, ती माझ्याबरोबर पंचवीस वर्षं राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी कट्ट्याला मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री बंदरावरच्या मुसलमान घरातला, वडील बोटींची इंजिनं बांधायचे. आम्ही एकमेकांशी तीस वर्षं भांडत आलोय. त्याने गाडी चालू केली, मूठ पिळली, सोडली. मागून फाट फाट झालं. त्याने बंद केली.

"शेटानू, तुमी तांदूळ वाढवलात आणि पाणी होता तितक्याच ठेवलात. तळाक लागतला नाय तर काय होतला?"

"म्हंजे काय तां सरळ सांग."

"सायलेन्सर मोकळो, फिल्टर मोकळो, म्हंजे हवा जास्त जाता. पण आतलो कॉम्प्युटर कंपनीन शिकवल्यान तितक्याच पेट्रोल सोडता. इंजिन कोरडा जळता. म्हणान गरम, म्हणान फटाके. जुन्या गाडीयेक मी कार्बोरेटर पिळून दिलो असतो एका बिडीत. हिका डबी व्हयी."

डबी म्हणजे ट्यूनर. आतल्या कॉम्प्युटरच्या आणि इंजिनाच्या मधे बसून पेट्रोलचं माप बदलणारं यंत्र, साबणाच्या वडीएवढं. मिस्त्रीने जमिनीवर पाना-स्क्रूड्रायव्हर मांडून मला त्यातले प्रकार समजावले. सगळ्यात स्वस्त असते ती नुसती सायलेन्सरमधल्या सेन्सरच्या वायरीला जोडायची आणि कॉम्प्युटरला थाप मारायची. सगळीकडे सारखंच पेट्रोल वाढवते, हवं तिथेही आणि नको तिथेही. तिच्यावर मिस्त्री थुंकला. दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरच आतून नव्याने लिहून घ्यायचा, त्याला कोल्हापूरला जावं लागतं, गाडी फिरत्या रोलरवर चढवून जागच्या जागी पळवतात. मधे दोन. एकीत आधीच तयार केलेली मापं असतात, अमुक सायलेन्सर, अमुक फिल्टर, त्याचं माप निवडायचं की झालं. दुसरी स्वतः शिकणारी. तिच्याबरोबर वेगळा सेन्सर येतो, तो धूर हुंगतो आणि गाडी चालेल तसं माप स्वतः सुधारत जातो.

"तुमका तयार मापाची पुरे," मिस्त्री म्हणाला. "तुमच्या सायलेन्सराचा माप तिच्यात आसा. कणकवलीत त्या हेल्मेटवाल्याकडे एक पडलेली आसा, माका ठावक आसा. आज घेवन येवा, उद्या बसवतंय, परवा खंय जावचा थंय जावा."

"आणि शिकणारी?"

"ती चांगलीच. पण तुमका खंय शर्यतीत जावचा आसा? खारेपाटणाक जातल्यात मा?"

त्याला बायकोने सांगितलं होतं. मला राग आला, पण मी कणकवलीला गेलो.

हेल्मेटवाल्याकडे डबी होती. खोक्यावर धूळ होती, म्हणजे बरेच महिने पडून होती. मी मनात हिशोब मांडला की याला ही काढायची आहे. भाव पाडून मागितला. तो हसला. मी थोडा वर गेलो, तो अजिबात खाली आला नाही. मी खोकं काउंटरवर ठेवलं, पाठ फिरवली आणि चालू लागलो. दारापर्यंत गेलो, पायऱ्या उतरलो, गाडीवर बसलो. हातमोजे सावकाश घातले. हाक आली नाही.

परत आत जाऊन त्याच भावाला ती डबी घेणं, पाच मिनिटांचं काम होतं. मिस्त्री दुसऱ्या दिवशी बसवणार होता. पण एकदा पाठ फिरवली की परत तोंड दाखवायचं नाही, हे माझ्या हाडात होतं. मी तसाच निघालो. घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती की तयार मापाची डबी मुळातच कमी प्रतीची, आणि घ्यायची तर शिकणारीच.

शिकणारी डबी पुण्यात एका दुकानात होती. मी फोन केला. समोरचा माणूस अगदी शांत होता.

"सर, आमच्याकडे भाव एकच असतो."

"एकच भाव देवाच्या प्रसादाला असतो. नीट सांगा."

"सर, तुम्ही विचार करून कळवा."

"तुम्ही विचार करा. मी चार दिवसांनी फोन करतो."

आणि मी खरोखर चार दिवस थांबलो. चार दिवसांनी तो थोडा उतरला. मी आणखी चार दिवस मागितले. त्या चार दिवसांत त्याचाच फोन आला, तेव्हा मला जो आनंद झाला तो आज आठवला की तोंड कडू होतं. मी दुकानात शेजाऱ्याला टाळी दिली होती. मासे उन्हात आहेत, म्हणालो होतो.

बायको रोज काही बोलायची नाही. एकदा मात्र मी जेवताना मोबाइलवर दोन डब्यांची तुलना वाचत होतो, तेव्हा तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "तुमच्या त्या डबीयेक काय काय येता?"

मी खुशीत सगळं सांगितलं. सेन्सर हुंगतो, स्वतः शिकतो, चढाला वेगळं, सपाटीला वेगळं.

"माणसाक येणा नाय तां तिका येता म्हणायचा," ती म्हणाली, आणि पातेलं उचलून आत गेली.

मधे एका दुपारी मेव्हण्याचा फोन आला. नऊ वर्षांत पहिला. नंबर बघून मी ओळखला नाही.

"भावोजी, मी बोलतंय."

मी फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर आलो.

"आई तुमची वाट बघता. जमात तेवा येवा. माजा काय चुकला आसात तर... ता मगे बोलू. आधी येवा."

माझ्या मनात नऊ वर्षं जे भाषण तयार होतं, त्यातलं एक वाक्य त्या वेळी आठवलं नाही. "गाडीचा काम चालू आसा," मी म्हणालो. "झाला की येतंय."

"मी गाडी धाडू? माजी आसा दारात."

"नको. माजी आसा."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, हा अर्धाच बोलला. चुकलं असेल तर, म्हणाला. चुकलं, असं म्हणाला नाही. तेवढं म्हणेपर्यंत थांबायला काय हरकत आहे, असंही वाटलं. ते मी कुणाला सांगितलं नाही. आता लिहितोय.

पुणेवाला शेवटी माझ्या किमतीला आला. एकूण सतरा दिवस गेले. खोकं कुरियरने यायला आणखी तीन. मी ते मिस्त्रीसमोर असं ठेवलं जसं काही मी समुद्रातून ओढून आणलंय. त्याने उघडलं, सेन्सर हातात फिरवला आणि कपाळाला हात लावला.

"शेटानू, ह्याका सायलेन्सराच्या नळीयेक भोक पाडून बूच वेल्ड करूक लागतला. स्टीलची नळी, हयसर नाय जमणा. कुडाळाक न्हेवक व्हयी."

"किती दिवस?"

"दोन. तरी सांगी होतंय, ती दुसरी घेवा. ती आता चलान जुनी झाली असती."

मी त्याच्यावर एवढा ओरडलो की शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली. तो ओरडला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला उलट उत्तर दिलं नाही, नळी सोडवायला बसला. त्याचंच मला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी तयार होती. मिस्त्रीने शेवटची वायर टेपने गुंडाळली, गाडी चालू केली, आणि आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. इंजिन एका लयीत चाललं होतं, भजनातल्या टाळांसारखं. त्याने मूठ सोडली. एकच बारीक फट् झालं, बस.

"ही अजून शिकूची आसा," मिस्त्री म्हणाला. "शंभरेक किलोमीटर चालवा. चढ, सपाट, बाजार, सगळा दाखवा तिका. मगे असली गाडी तुमी बघूकच नाय आसात."

"वयनीक घेवन सरळ खारेपाटणाक जा," असंही तो म्हणाला. मला स्पष्ट आठवतं. "वाटेत शिकात ती."

मला ते एक फट् खटकत होतं. मी ठरवलं, आज एकट्याने फिरवून तिला शिकवून घेऊ, उद्या बायकोला घेऊन निघू. मोबाइल मागच्या पेटीत टाकला, हेल्मेट चढवलं आणि कसालच्या दिशेने सुटलो.

ती सकाळ फार सुंदर होती, हे लिहायला मला लाज वाटते. आंब्यांना मोहर होता, हवेत त्याचा वास होता. गाडी प्रत्येक वळणाला थोडी थोडी सुधारत होती. गचके गेले. गुडघे थंड राहिले. हायवेला लागल्यावर मी मूठ पिळली आणि ती इतक्या सहज पुढे गेली की मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसलो. मनात मेव्हण्याची ओटी होती, त्याचा चेहरा होता, आणि आवाज ऐकून बाहेर आलेली सासू होती. ती अंथरुणातून उठू शकत नाही, हे त्या चित्रात नव्हतं.

कणकवलीला पुलाखाली गाडी लावून चहा प्यायलो. तिथून खारेपाटण पाऊण तास. सरळ रस्ता. मी त्या बाजूला बघितलंही. पण बायको बरोबर नव्हती, अंगावर जुना शर्ट होता आणि डबी अजून पूर्ण शिकली नव्हती. मी गाडी वळवली आणि परत मालवणला निघालो.

घराला कुलूप होतं. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "तुमी खंय होतात? वयनीन कितके फोन केल्यान. आईचा जास्ती झाला म्हणान भावाचो फोन इलो. आमचे हे घेवन गेले तिका, साडेनवाक."

पेटीतून मोबाइल काढला. अकरा फोन. मी चहा पीत होतो तेव्हा ती माझ्या डोक्यावरच्या त्याच पुलावरून गेली असणार.

मी परत फिरलो. ते ऐंशी किलोमीटर मी कसे गेलो ते आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. तिला जे शिकायचं होतं ते ती शिकली होती. वळणावर मूठ सोडली, फटाका नाही. मेव्हण्याच्या घरासमोर माणसं उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, पण गाडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बांबू आणले होते. एकजण दोर सोडवत होता.

मेव्हणा पायऱ्या उतरून खाली आला. नऊ वर्षांत त्याचे केस पूर्ण पांढरे झाले होते. त्याने माझ्या हातातून हेल्मेट घेतलं.

"इलात," म्हणाला. एवढंच. ते विचारत होता की सांगत होता, मला कळलं नाही. मग म्हणाला, "बारा वाजान गेल्यार गेली. त्रास नाय झालो."

मी आत गेलो. सासूचा चेहरा लहान झाला होता, लहान मुलीएवढा. बायको उशाशी बसली होती. तिने वर बघितलं आणि सरकून मला जागा दिली. मी बसलो. त्या घरात आम्ही दोघं एकत्र बसलो होतो, सगळ्यांच्या समोर, जसं तिला हवं होतं तसं, आणि बघायला ती नव्हती.

तेरावं होईपर्यंत मी तिथेच राहिलो. पाणी भरलं, लाकडं आणली, जमेल ते केलं. मेव्हण्याशी चार शब्द कामाचे बोललो. नारळाचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही. तो विषय माझ्या मनातून गेलाय असं मी म्हणणार नाही. त्या घरी आता काही कार्य निघालं की अजूनही मला तो हवेतला हात आठवतो. पण पूर्वी मी तो आठवून चिडत असे, आणि आता चिडायला गेलो की मला रस्त्यावर अनवाणी उभी असलेली बाई दिसते आणि राग पुढे सरकत नाही.

परतताना बायको गाडीवर मागे बसून आली. नांदगाव गेलं, कणकवली गेली, ती काही बोलली नाही. ती एक शब्द बोलत नाही याचीच मला जास्त भीती वाटत होती. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी ओरडलो असतो, आणि ओरडून मोकळा झालो असतो.

बोलली ती महिन्याभराने. दुपारची जेवणं झाली होती. मी ओटीवर गाडीचं कव्हर झटकत होतो आणि ती सुपात तांदूळ निवडत होती. मीच विचारलं. इतके दिवस धीर झाला नव्हता.

"मी बरोबर नाय म्हणान काय म्हणाली ती?"

तिने तांदळातला खडा काढून अंगणात फेकला.

"माका बघल्यान आणि विचारल्यान, एकटीच इलंस?"

"मगे?"

"मी सांगलंय, नाय, ते पण इलेत. भायर गाडी लावतत." तिने सूप एकदा पाखडलं. "भाऊस आयकत होतो. तोपण म्हणालो, होय आई, इलेत, गाडी लावतत."

मी कव्हर हातात घेऊन उभा होतो. ती तांदळाकडेच बघत बोलत होती.

"मगे ती दाराकडे बघीत ऱ्हवली. लय वेळ. मदीच विचारी, लावल्यानी काय? मी म्हणा, होय, येतत आता."

"आणि?"

"आणि काय. शेवटाक म्हणाली, तेंका सांगा, उन्हात नको. फणसाच्या सावळेक लावा."